विझायला हवे होते ते दिवे

प्रतापनगर, बडोदे
१२ जानेवारी २०२५

ती. दत्तूदादास,
स्नेहलताचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू आपल्या मनानं जोडतोस, म्हणून लिहिते आहे.

आपल्या वरदच्या ट्रकमुळे अपघात झाला. बोअर पाडायची ती गाडी तू पाहिली आहेस. गुरुवारी पहाटे एका शेतातलं काम आटपून तो डभोईच्या रस्त्याला लागला. टपावरचे चारही फोकस पेटलेले होते. समोरून अवंती नावाची शिक्षिका स्कूटरवरून येत होती. तिचे डोळे दिपले आणि ती रस्ता सोडून थेट नाल्यात गेली. पोर सव्वीस वर्षांची आहे, दादा, आणि अजून शुद्धीवर नाही. वरदनंच तिला उचलून दवाखान्यात नेलं.

पोलिसांना त्यानं सांगितलं की फोकस बंद करायला विसरलो. तेव्हापासून ह्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं आहे. अडतीस वर्षं रेल्वेच्या सिग्नल खात्यात एक दिवा चुकू दिला नाही आणि माझा मुलगा बटण दाबायला विसरतो, असं भिंतीकडे बघून म्हणतात. वरद ऐकून घेतो.

काल स्वयंपाकघरात त्यानं मला खरं सांगितलं. तो विसरला नव्हता. बटण दाबलं, डिपर दिला, पुन्हा बटण दाबलं. दिवे विझलेच नाहीत. ते फोकस ह्यांनी स्वतःच्या हातांनी जोडून दिले होते, आठवडाभर ट्रकखाली पाठ घासून. बाबांना कळलं तर ते पुन्हा उभे राहणार नाहीत, असं म्हणाला आणि माझ्याकडून शपथ घेतली. कॉन्व्हेंटात सिस्टरनी आम्हा मुलींना एवढं एकच पक्कं शिकवलं होतं, की दिलेला शब्द मोडायचा नाही. तुला लिहून मी तो अर्धा मोडलाच.

ह्यांच्या वहीतली जोडणीची आकृती उतरवून सोबत पाठवते. तू मोटार वाहन निरीक्षक होतास, तुला कळेल. यात चूक नाही असं लिही. एवढं एक वाक्य लिही.

इथे पोरांनी आत्तापासूनच उत्तरायणाचे पतंग चढवलेत. आम्ही गच्चीचं दार उघडलेलं नाही. वहिनींना नमस्कार. तुझ्या मायेवर टेकून उभी आहे, ती कमी करू नकोस.

तुझी
स्नेहलता


सातारा
१६ जानेवारी २०२५

चि. स्नेहलतास,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. तुझं अक्षर अजूनही सिस्टरांना भिऊन ताठ बसल्यासारखं आहे. तिळगूळ पाठवलेला नाही, यंदा गोड बोलणं माझ्या हातून होणार नाही.

चूक आहे, बाळ. चार वेळा पाहिली.

असे जादा फोकस परवानगीशिवाय लावायचेच नसतात. शेतात काम करणारी गाडी म्हणून परवानगी मिळाली, तरी माझ्या हाताखालून गाडी जायची ती तीन गोष्टी पाहून. फोकसचं बटण वेगळं हवं. त्याचा प्रवाह अप्परच्या, म्हणजे लांब झोताच्या, वायरीतून घेतलेला हवा, म्हणजे डिपर दिला की फोकस आपोआप मरतो. आणि सार्वजनिक रस्त्यावर चारही दिव्यांवर झाकणं हवीत. वरदनं झाकणं शेतातून निघताना घातली नाहीत, तो दोष त्याचाच.

पण दिवे विझले नाहीत ते मुकुंदरावांमुळे. सिग्नलवाल्याला विझलेला दिवा म्हणजे संकट. म्हणून त्यांनी प्रवाह सरळ बॅटरीतून घेतला आणि रिले, म्हणजे दिवा चालू-बंद करणारा विजेचा खटका, अशी जोडली, की बटणाची वायर कुठे तुटली तर दिवा जळतच राहावा. रुळांवर त्या माणसाला यासाठी शाबासकी मिळाली असती. रस्त्यावर नेमकं उलटं लागतं. वायर तुटली की अंधारच व्हायला हवा. बोअरच्या गाडीचे हादरे असे, की वायर कधीतरी तुटणारच होती.

शपथेचं मी काही सांगणार नव्हतो. पण एक विचारतो. मुकुंदरावांनी असेच फोकस आणखी कुणाला जोडून दिले आहेत का? दिले असतील तर हे पत्र वाचून होताच त्यांच्या हातात दे. मग माझ्यावर रागाव, वरदलाही रागावू दे.

तुझी वहिनी रोज त्या मुलीचं विचारते. कळवत राहा. आमचा जीव तुमच्यापाशी आहे.

तुझा
दत्तूदादा


प्रतापनगर, बडोदे
२० जानेवारी २०२५

ती. दत्तूदादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर हो असं आहे. पादरा गावच्या उदयसिंहरावांचे दोन ट्रक. गेल्या दिवाळीत ह्यांनीच हौसेनं जोडून दिले होते. उदयसिंहराव अजून वाटेत भेटले की म्हणतात, भाभी, साहेबांनी तर रात्रीचा दिवस केला.

ते दोन ट्रक रोज पहाटे निघतात, दादा. रोज कुणीतरी समोरून येत असेल.

हे दाढी करत होते. मी पत्र पुढे धरलं. त्यांनी चष्मा मागितला, उभ्यानंच वाचलं, मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मला वाटलं ओरडतील. त्यांनी फक्त विचारलं, वरदला माहीत होतं का. मी हो म्हटलं. अर्धा गाल साबणाचा तसाच ठेवून ते फोनकडे गेले आणि उदयसिंहरावांना सांगितलं की गाड्या जागच्या हलवू नका. मग पक्कड घेऊन पादऱ्याच्या बसला गेले. ज्या मुलाशी अकरा दिवस बोलले नव्हते, त्याच्याकडे जाताना एकदा बघितलं.

आता वरद माझ्याशी बोलत नाही. एवढंच म्हणाला, आई, मी एकट्यानं निभावलं असतं. खरं सांगू? कदाचित निभावलंही असतं. लहानपणी ताप आला तरी तो सांगायचा नाही, माझा हात कपाळाला लागला की कळायचं. आता कपाळाला हात लावू देत नाही.

अवंतीनं डोळे उघडलेले नाहीत. मला दोष दे, पण पत्र पाठवायचं थांबू नकोस.

तुझी
स्नेहलता


बडोदे
२४ जानेवारी २०२५

श्री. दत्तात्रेयराव यांस,
स. न. वि. वि.

पत्र लिहायची मला सवय नाही. स्नेहलताला आता लिहवत नाही, म्हणून लिहितो.

पादऱ्याला ट्रकची वायर मी स्वतः ओढून तोडली. दिवे जळत राहिले. बटण दाबलं, डिपर दिला, जळतच राहिले. दोन्ही गाड्यांचे फोकस उतरवले. उदयसिंहरावांनी चहा मागवला होता, मला घेववला नाही.

तिथून वही घेऊन पोलिसांकडे गेलो आणि जोडणी माझी आहे असं लिहून दिलं. साहेबांनी दोनदा विचारलं, काका, मुलाला वाचवायला तर सांगत नाही ना? मी आकृती पुढे ठेवली. त्यांनी लिहून घेतलं. परवानगी नव्हती, झाकणंही नव्हती, त्यामुळे वरद सुटत नाही. गुन्ह्यात आता दोघांची नावं आहेत.

चार दिवस दवाखान्यात बाहेरच्या बाकावर बसतो. अवंतीची आई शेजारी असते. बाई आपल्यासारख्याच मराठी आहेत, डभोईला राहतात. मी दुसऱ्या कुणा पेशंटचा असेन असं त्यांना वाटतं. काल डॉक्टरांनी सांगितलं, की पोरगी जागी झाली तरी पहिल्यासारखी होईल याची खात्री नाही. बाईंनी डब्यातली अर्धी पोळी माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, भाऊ, तुम्हीही खाल्लेलं दिसत नाही. मी ती खाल्ली. तोंड उघडून नाव सांगायचं सोडून पोळी खाल्ली.

उद्या सकाळी बाईंना मी कोण ते सांगणार आहे. वरद सोबत येतो म्हणाला. पंधरा दिवसांत माझ्याशी बोललेलं हे त्याचं पहिलं वाक्य. दोघं जाऊ.

त्यानंतरही आमच्यावर लोभ ठेवता आला तर ठेवावा.

आपला
मुकुंद