दुसरा साक्षीदार

बारामती
दि. ६ फेब्रुवारी २०२४

ती. हौसाताईस,
सोपानचा सा. न. वि. वि.

तुझा फोन कायम स्पीकरवर, अख्ख्या डाळजला ऐकू जातं, म्हणून पत्र.

परवा रविवारी पळसदेवला आईकडं गेलो होतो. तिच्या पासबुकात तीन महिन्यांत चार वेळा पैसे काढल्याच्या नोंदी आहेत, एकूण सेहेचाळीस हजार. आत रद्द केलेली एक स्लिपही होती. सहीच्या जागी अंगठा! आईला सही मी शिकवली, पाटीवर, तीन महिने खपून. सातवी झालेला मी, जळालेल्या मोटारी उघडून वायंडिंग शिकलो, तसंच एकेक वेढा घालत तिलाही शिकवलं. ती अंगठा कशाला लावील?

धाकट्या रणजितला विचारलं तर तो विहिरीवरची मोटार चालू करायला उठून गेला. आई म्हणाली, तू आधी जेव. ताटही तिनं नाही, रणजितच्या बायकोनं, स्वरूपानं वाढलं. निघताना आईनं पदराबाहेर हातसुद्धा काढला नाही. धाकट्यानं तिला किती दाबून ठेवलंय ते यातच आलं.

रणजितविरुद्ध प्रांतसाहेबांकडं द्यायचा अर्ज लिहून तयार आहे. शुक्रवारी, सोळा तारखेला देणार. त्याआधी तू एकदा जाऊन ये. माझं कुठं चुकत असेल तर कळव. चुकत नसणार.

माझ्यावरची माया तेवढी आटू देऊ नको.

तुझा सोपान

&nbsp;

डाळज
दि. ११ फेब्रुवारी २०२४

चि. सोपानास,
अ. आ. वि. वि.

काल जाऊन आले. अर्ज हाय तितंच ठेव.

आईचा उजवा हात थरथरतोय रं, दिवाळीपासनं. कपातला निम्मा च्या भुईवर सांडतो. म्हणून ताट सुनंनं वाढलं, म्हणून हात पदराखाली. रणजितनं तिला चार खेपा पुण्याच्या डॉक्टरकडं नेलं. तपासण्या, औषधं, गाडीभाडं, समद्या पावत्या खताच्या पिशवीत घालून खुंटीला टांगल्यात. मी चष्मा लावून एकेक बघितली. खर्च सेहेचाळीसच्या वर गेलाय, वरचा त्याच्या खिशातनं.

सही जमंना म्हणून आईनंच बँकेच्या साहेबासमोर बसून अंगठा दिला. त्याला दोन साक्षीदार लागत्यात. एक बँकेतला, दुसरा शेजारचा दत्तोबा. तुला सांगायचं न्हाय, अशी तिनंच रणजितला शपथ घातलेली. म्हणाली, सोपाननं दिलेली सही माझ्या हातनं गेली, हे कळलं तर त्याच्या जिवाला लागंल. पहाटं उठून तुझीच पाटी घेऊन गिरवत बसती येडी.

तुझ्या अर्जाचं रणजितला सांगितलं. रागावला न्हाय. हसून म्हणाला, दादा मोटार उघडून बघतो, अन् माणूस न उघडताच जळालं म्हणतो.

वेळेवर जेवत जा, आणि या म्हातारीची आठवण ठेव.

हौसा

&nbsp;

बारामती
दि. १४ फेब्रुवारी २०२४

चि. रणजित,
अनेक आशीर्वाद. मान खाली घालून लिहितोय.

अर्ज फाडला. त्यात तारखा आणि रकमा बिनचूक होत्या. ताट कोणी वाढलं तेही लिहिलं होतं. का वाढलं, एवढंच विचारलं नव्हतं.

आईला चार वेळा पुण्याला नेलंस, वर माझा संशय गिळलास, आणि तरी तिची शपथ मोडली नाहीस. आपल्या घरात तू आहेस म्हणून मी बारामतीत बिनघोर झोपतो, हे आज पहिल्यांदा कळलं. स्वरूपालाही सांग, त्या दिवशी मी तिची वांग्याची भाजी तोंड वाकडं करून खाल्ली. फार चांगली होती.

आईला म्हणावं, सही मी तीन महिने शिकवली, तिनं वीस वर्षं चालवली. माझी एकही मोटार एवढी चाललेली नाही. आता पाटी ठेवून दे आणि पहाटे झोप.

रविवारी येतो. पावत्या दाखवू नकोस. वरचा जो खर्च झाला त्यातला निम्मा माझा. नाही म्हणू नकोस, मी थोरला आहे.

आहे तसा सांभाळून घे, आणि बँकेत जायचा दिवस आधी कळव. दत्तोबाला म्हशी सोडून यायला लावू नकोस. आईच्या अंगठ्याला दुसरा साक्षीदार मी.

तुझा दादा
सोपान