अनुस्वार खाणारा ड्रायव्हर

४ मार्च, सकाळ
आज एका लेखिकेच्या आत्मचरित्राच्या पान ११२ वर सदतीस अनुस्वार बेपत्ता. लेखिकेला निवृत्तीची ‘खंत’ वाटायला हवी, तर स्क्रीनवर तिला ‘खत’ वाटतंय. बत्तीस वर्षं मुद्रितशोधन करतोय, अक्षराच्या डोक्यावरच्या टिंबावर आमचं पोट. संशयित एकच: ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे स्क्रीनवर अक्षरं उमटवणारा प्रोग्राम. माझ्या कॉम्प्युटरवरची लिनक्स प्रणाली सगळ्यांना खुली, पण हा ड्रायव्हर कंपनीचा, बंदिस्त. आत काय चालतं ते कोणाला दाखवत नाही. निश्चय: उद्यापासून मुक्त ड्रायव्हर.
बायकोचं म्हणणं, आधी डोळे दाखवा. तिला सॉफ्टवेअरमधलं काही कळत नाही.

५ मार्च
बंदिस्त ड्रायव्हर म्हणजे गुरूने कानात सांगितलेला मंत्र. चालतो, पण अर्थ विचारायचा नाही. मुक्त ड्रायव्हर म्हणजे सटीक ग्रंथ. सगळं उघड, फक्त चालत नाही.
दुपारी बारा. मुक्त ड्रायव्हर घातला. सगळं काळं. मग कळलं की फक्त स्क्रीन काळी आहे, टेबल आणि पंखा दिसतायत. फार हायसं वाटलं. इतकं का वाटलं, ते लिहायला सवड नाही.

६ मार्च
धाकटी बहीण एका कंपनीचे सर्व्हर सांभाळते. तिने फोनवरून एकेक कमांड सांगून स्क्रीन परत आणली. टिंबं मात्र आली नाहीत. तिने स्क्रीनशॉट मागवला. म्हणाली, सगळी टिंबं जागच्या जागी आहेत. मी समजावलं की स्क्रीनशॉट आत निघतो, घातपात पुढे वायरीत होतो.
ती म्हणाली, “दादा, डावा डोळा झाकून वाच बघू.”
मी म्हटलं, आधी केबल बदलतो.

९ मार्च
नवी केबल. फरक शून्य. काम अडवून चालणार नाही, म्हणून जिथे टिंब दिसलं नाही तिथे स्वतः दिलं. चाळीस पानं रवाना. बायकोने पुन्हा डोळ्यांचं काढलं. पुढच्या आठवड्यात, म्हटलं. मागच्या आठवड्यातही हेच म्हटलं होतं, असं ती म्हणते.

११ मार्च, दुपारी ३
छापखान्याच्या मॅनेजरचा फोन. चाळीसही पानांवर ठिकठिकाणी दोन-दोन टिंबं. रागावला असता तर बरं होतं. हळूच विचारलं, “सर, तब्येत बरी आहे ना?”
उत्तम, म्हटलं. मुक्त ड्रायव्हर टिंबं दुप्पट करतो, हेही सांगितलं. तो ‘बरं’ म्हणाला.

१२ मार्च, सकाळी ९
बंदिस्त ड्रायव्हर परत घातला. डावा डोळा झाकला, केवळ ड्रायव्हरच्या तपासणीसाठी. ओळीच्या मधोमध करडा डाग. मान वळवली, डागही वळला. खिडकीकडे पाहिलं. गज मध्येच वाकलेले. खिडकीला ड्रायव्हर नसतो.

सकाळी १०
बायकोने न विचारता उद्याची वेळ घेतली. मी नाही म्हटलं नाही. ती समोर येऊन बसली तेव्हा डावा डोळा पुन्हा झाकून पाहिला. तिचे केस दिसले, कान दिसले. चेहरा दिसला नाही.
हा डाग दिसायला लागून दोन महिने झाले. मला माहीत होतं. डॉक्टर दुसऱ्या डोळ्याबद्दल काय सांगतील, त्याची मला भीती वाटते.