भागीमावशीनं न चोळलेलं पोट

भिसेगाव, मंगळवार, ९ डिसेंबर

जिंकलो! माझ्या लेकीचा, ईराचा स्कॅन स्वच्छ आला. मूत्रपिंडाचा कॅन्सर. लहान मुलांना हाही होतो म्हणे, मला कुठे माहीत होतं? एक मूत्रपिंड आणि सगळे केस घेऊन गेला, पण गेला एकदाचा.

सारखा आठवतोय तो भागीमावशीचा तेलाचा हात. गेल्या वर्षी ईराचं पोट घट्ट लागलं, गॅसचा गोळा असेल म्हणून मीच मावशीला दहिवलीहून चोळायला बोलावलं होतं. पोटावर ठेवलेला हात तसाच थांबला. "हा वायगोळा नाय गं. मी चोळनार नाय. तू पन दाबू नको, आजच डाक्टरला दाखव."

केवढी चिडले होते मी! दुसरी चोळणारी बाई बघणार होते. खरंच बघितली असती? नंतर डॉक्टर म्हणाले, दाबलं नाहीत तेच बरं, गाठ फुटली असती.

संध्याकाळी ईरा आणि मी पेढे घेऊन दहिवलीला गेलो. पेढा हातात धरून मावशीचा पहिला प्रश्न, "आता चोळलं तर चालंल? इचारलंस डाक्टरला?"

"विचारलं. हलक्या हातानं चालेल."

तिनं तेल कोमट केलं. तोच हात व्रणाच्या कडेनं फिरू लागला. ईरा खिदळत ओरडली, "पुरे, गुदगुल्या होतात!"

तरी हात थांबला नाही.