जित्या जानरावाचं श्राद्ध

माघ वद्य षष्ठी, शके १७८५. अमरावती.

आज जानराव पाटलांच्या वडिलांचं श्राद्ध होतं. पिंडाच्या वेळी वडिलांचं नाव घ्यायचं, तर मी जानरावाचंच घेतलं! पाटील हातातला दर्भ तसाच धरून म्हणाले, "महाराज, मी तं अजून जित्ता आहो ना!" बायका हसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी येताच थोरला विनायक म्हणाला, "बाबा, तुमचं डोकं आता चालून नाही राहिलं. यजमान माझ्याकडे द्या."

डोकं? कापसाचा भाव चढल्यापासून शेजारी दिवसभर सरकी काढण्याच्या चरक्या फिरतात, हवेत कापूस उडतो. माझा खोकला जात नाही, दम पुरत नाही. आणि दम संपला की शब्द जातो. मी पडताळून पाहिलंय. परवा विहिरीवरून घागर आणून लगेच रुद्र म्हणायला बसलो, तर तिसऱ्या अनुवाकात अडलो. घटकाभर स्वस्थ बसलो, तर तोच रुद्र शेवटपर्यंत न अडखळता म्हटला. मग गेलंय काय, डोकं की दम?

पाटलांनी कापसाच्या पैशावर नवी माडी चढवलीय, श्राद्धही वरच मांडलेलं. जिना चढलो आणि धापा टाकतच पाटावर बसलो. तिथं चुकलं.

रामराव. त्यांच्या वडिलांचं नाव रामराव! आता कसं आलं?

विनायकाला सांगितलं, "उद्याचं श्राद्ध मीच करणार. प्रत्येक नावाआधी थांबेन, श्वास घेईन."

"लोक खोळंबतील, बाबा."

खोळंबू देत. ज्यांची नावं घ्यायची, त्यांना कसली घाई आहे?