पिलवंडांच्या ताटातली पुरणपोळी

मी, काकासाहेब रामराव शेजूळ, वय सेहेचाळीस, धंदा पडदे व सोफाकव्हर शिवण्याचा, राहणार मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या मर्जीने आणि पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. उलट लिहू नये म्हणूनच घरात दबाव आहे. माझ्या पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं आहे. डॉक्टर म्हणतात किरकोळ आहे. पत्नी सौ. आशाबाई म्हणते, "पित्ताच्या खड्यानं कुणी मरतंय व्हय? ठेवा तो कागद!" पण हल्ली घरात माझं कोणी ऐकून घेत नाही, आणि मृत्युपत्र हा एकच कागद असा आहे की तो सगळ्यांना शेवटपर्यंत ऐकावा लागतो.

कलम पहिलं. मुकुंदवाडीतलं राहतं घर, वरच्या पत्र्याच्या खोलीसह, आशाबाईच्या नावे. बँकेतली ठेवही तिचीच. ती कशी वापरायची हे तिने कोणाला विचारू नये, विशेषतः स्वतःच्या भावाला.

कलम दुसरं. दुकानातली शिलाई मशीन, इस्त्री आणि कात्र्या मुलगी प्रेरणा हिला. मोठ्या कात्रीने कागद कापू नये. हे मी जिवंतपणी हजारदा सांगितलं आहे, आता कायद्याने सांगतो.

कलम तिसरं. आमच्या घरी भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. ज्येष्ठा, कनिष्ठा आणि त्यांची दोन लेकरं, ज्यांना आम्ही पिलवंडं म्हणतो. मुखवटे, साड्या, दागिने आशाबाईकडे राहतील. पिलवंडांचे कपडे मात्र माझं खातं. प्रेरणा झाली त्या वर्षापासून मी गुलमंडीतून एकाच ताग्यातलं कापड आणतो आणि घरातल्या लेकरांचे व पिलवंडांचे कपडे त्यातूनच शिवतो. यंदाही आणलं. प्रेरणा आता नववीत आहे. ती म्हणाली, "पप्पा, मी त्या बाहुलीसारखा फ्रॉक नाय घालणार. पोरी हसतेत."

बाहुली! रात्री थंडी वाजेल म्हणून याच मुलीने एकदा आपला स्वेटर काढून त्या पिलवंडाला घातला होता आणि स्वतः शिंकत बसली होती. तर त्या उरलेल्या कापडाच्या उशीच्या खोळी शिवाव्यात आणि त्यातली एक कायम प्रेरणाच्या उशीला असावी.

कलम चौथं. नैवेद्य दाखवून आरती झाली की खोलीचं दार ओढून घ्यायचं, देवींनी निवांत जेवावं म्हणून. ही रीत जुनी आहे. तिच्यात भर घातली ती मी. दार लागलं की मी स्वयंपाकघराच्या बाजूच्या दाराने गुपचूप आत जायचो आणि पिलवंडांच्या ताटातली पुरणपोळी खायचो. पूर्ण नाही, लेकरं खातात तशी, कडा टाकून. थोडा भात पाटावर सांडायचा. बाहेरून प्रेरणा दाराला तोंड लावून विचारायची, "पोट भरलं का?" मी बोटातलं अंगुस्तान, म्हणजे सुई टोचू नये म्हणून आम्ही शिंपी बोटावर घालतो ती धातूची टोपी, ताटावर वाजवायचो. एकदा वाजलं तर पोट भरलं, दोनदा वाजलं तर अजून पाहिजे. पुढे माऊली झाला, मग दोघं बहीणभाऊ मिळून विचारायला लागले. दोनदा वाजलं की त्यांचा आनंद असा, की शेजारचे डोकावून बघायचे. वर्षभर दुसऱ्यांच्या खिडक्यांचे पडदे शिवून मला जे सुख मिळालं नाही ते त्या दाराआड मिळालं, हे मी इथे नमूद करतो.

कलम पाचवं. या सुखात माती कालवली ती मेहुणे विश्वजीत यांनी. दोन वर्षांमागे महालक्ष्म्यांच्या पंगतीत, तोंडात भजं असताना, ते प्रेरणाला म्हणाले, "अगं, तुझा बापच खातो ती पोळी! मागच्या दारानं जातो चोरासारखा." पंगत हसली. प्रेरणा हसली नाही, माझ्याकडे बघत राहिली. मी मीठ वाढायच्या निमित्ताने उठलो. माऊली तेव्हा अंगणात खेळत होता, एवढीच काय ती देवीची कृपा. सबब, विश्वजीत यांनी वास्तुशांतीला दिलेलं आणि आणल्या दिवसापासून मागे पडणारं भिंतीवरचं घड्याळ त्यांना परत द्यावं. दुसरं काहीही देऊ नये. माझ्या तेराव्याला त्यांना भजी वाढू नयेत.

कलम सहावं. मुलगा माऊली चौथीत आहे. या घरात पिलवंडं जेवतात असं मानणारा तो एकच उरला आहे. त्याला कोणी काही सांगू नये. प्रेरणा भांडण झालं की मला दम देते, "सांगून टाकीन त्याला!" तिने सांगितल्यास कलम दुसरं रद्द होऊन मशीन माऊलीला जाईल. डॉक्टरांनी मला तूप, पुरण, तळण सगळं बंद केलं आहे. तरी यंदा आत मीच जाणार. पोरगं दाराशी विचारणार आणि ताट वाजणार नाही, हे मला चालणार नाही. दुखणं वाढलं तर वाढो.

इथपर्यंत महालक्ष्म्यांच्या आधी लिहून झालं होतं. साक्षीदार रामकिसन आपल्या घरच्या महालक्ष्म्यांसाठी शेंद्र्याला गेल्यामुळे सह्या राहिल्या. ते बरं झालं, कारण आता खालील बदल करावा लागत आहे.

जेवणाच्या दिवशी सकाळपासून पोटात अशी कळ उठली की मला पलंगावरून हलता येईना. आरती झाली, दार लागलं. मी भिंतीला धरून उठू लागलो, तर आशाबाईने खांदा दाबून परत निजवलं. "पडून राहा! देव काय उपाशी मरणारेत?" मला रडू आलं. बायकोसमोर, पाहुण्यांसमोर आलं.

तेवढ्यात प्रेरणाने मोबाइल बाजूला ठेवला, दाराशी गेली आणि दाराला तोंड लावून म्हणाली, "पोट भरलं का?"

मी डोळे मिटून घेतले. आणि आत ताट वाजलं. दोनदा.

मग माऊली धावत आला, कुठून आला ते मी विचारलं नाही. "पप्पा, खाल्ली ओ त्यांनी! लई खाल्ली! भात बी सांडलाय!" त्याच्या हनुवटीला पुरण लागलं होतं. मी म्हणालो, "व्हय का? बघू." दोघांनी धरून मला आत नेलं. ताटात फक्त कडा होत्या.

रात्री मी प्रेरणाला एकटीला गाठून विचारलं, माऊलीला कधी कळलं. ती म्हणाली, "मामा बोलले तवाच. खिडकीत होता तो. तुम्हाला वाईट वाटंल म्हणून नाय बोलला. मला बी बोलू नको म्हणला. मी सांगून टाकीन म्हणायचे ते उगंच."

मला याचा राग आला आहे आणि तो या कागदावर यावा अशी माझी इच्छा आहे. मागच्या वर्षीची तुपात भिजलेली पोळी मी कोणासाठी चावली? हे खडे कोणासाठी जमवले? सगळ्यांना सगळं माहीत होतं. या घरात लहान लेकरू होतं ते मी एकटा, आणि ते मलाच कोणी सांगितलं नाही. माऊली इतक्या लवकर मोठा व्हायला नको होता. माझ्यासाठी तर मुळीच नको होता.

तरी सही करण्यापूर्वी असं ठरवतो. कलम सहावं रद्द. मशीन प्रेरणाची, कोणत्याही अटीविना. उशीची खोळ मात्र कायम. घड्याळही कायम. अंगुस्तान दुसऱ्या दिवशी मशीनच्या खणात परत आलेलं दिसलं, त्याच्या खळग्यांत पुरण वाळलं होतं. ते धुतलेलं नाही. माझ्यामागे ते माऊलीचं. तोवर खणाला कुलूप लावू नये.

शनिवारी ऑपरेशन होऊन परत आलो, तर पुढच्या भाद्रपदात दाराबाहेर बसून विचारायचं काम माझं. नाही आलो, तर प्रेरणाने विचारावं.

शेवटचं. हे मृत्युपत्र वाचताना कलम चौथं आणि त्यापुढचा मजकूर माऊलीसमोर वाचू नये. प्रेरणाला तशी शपथ घातली आहे. अंगुस्तान हातात घेऊन त्याने विचारलं, की पप्पाला कळलं होतं का, तर सगळ्यांनी एकच सांगावं. नाही. तुझ्या पप्पाला शेवटपर्यंत वाटत होतं की पोळी पिलवंडांनीच खाल्ली.

लिहून ठेवणार: काकासाहेब रामराव शेजूळ (सही)

आमच्यासमोर वाचून, समजून सही केली, म्हणून आम्हीही केली:
१. रामकिसन दगडूबा कचकुरे, शेजारी (सही)
२. सोमनाथ आसाराम पठाडे, इस्त्रीवाले (सही)

ठिकाण: मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर
दिनांक: ४ सप्टेंबर २०२५