पाय बधिर, रिपोर्ट नॉर्मल

३ डिसेंबर
रोजनिशी मराठीतच. या हिंदी मुलखात निदान इथे तरी लेक तन्वी मध्येच हिंदीत बोलणार नाही.
पायांना मुंग्या येतात. कोड आर-२०.२. हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात दिवसभर लोकांच्या दुखण्यांना मीच कोड लावतो. स्वतःसाठी डॉक्टर कशाला? संकल्प: साखर बंद. रोज किल्ल्यापर्यंत चालणे.

५ डिसेंबर
थंडी फार. चालणे उद्यापासून. चहात साखर अर्धीच घेतली, कप दोन झाले. सिंधू म्हणते, डॉक्टरांना दाखवा. बायकांना धीर नसतो.

९ डिसेंबर
मुंग्या थांबल्या! औषधाविना! मात्र लक्ष्मी गेटपाशी भाजी घेताना सिंधूने विचारलं, डाव्या पायातली चप्पल कुठे आहे? कधी निसटली कळलंच नाही. चप्पल सैलच होती. तरी प्रामाणिकपणे कोड बदलला: आर-२०.१, संवेदना कमी. दोनावरून एकावर आलो. आकडा उतरतोय, म्हणजे सुधारणा.

१४ डिसेंबर
सिंधूच्या समाधानासाठी आमच्याच ओपीडीत गेलो. काउंटरवरचा भैया नवा. 'सुन्न' असले बाजारू शब्द मी वापरत नाही. शुद्ध हिंदीत सांगितलं की बधिरता आहे. त्यानंतर तो सगळं ओरडूनच विचारू लागला आणि त्याने थेट कानाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. हेडफोन लावून तपासणी. रिपोर्ट नॉर्मल.
तन्वी हसून लोळली. म्हणे बाबा, हिंदीत बधिर म्हणजे बहिरा! सिंधू हसली नाही. मी म्हटलं, नसा इथूनतिथून सारख्याच. कान शाबूत तर पायही शाबूत. रिपोर्ट फ्रीजवर चिकटवला.

२० डिसेंबर
टाचणी टोचून पाहिली. काही जाणवलं नाही. आर-२०.०, संवेदना नाहीच. शून्य! याच्या खाली कोडच नाही, म्हणजे आजार संपला. येताना पाव किलो जिलबी आणली. सिंधूने तोंडात घातली नाही.

२८ डिसेंबर
संध्याकाळी हीटरशी पाय शेकत बसलो होतो. सिंधू आतून ओरडली, काय जळतंय? म्हटलं, शेजारच्या मिश्राजींकडे दूध लागलं असेल. तिने धावत येऊन हीटर लाथाडला आणि कात्रीने माझा मोजा कापला.
नायलॉनचे मोजे विकणाऱ्यांना शिक्षा व्हायला हवी. दुखलं तर काहीच नाही. मग भाजलं कसं म्हणायचं?

३ जानेवारी
अ‍ॅडमिट. डाव्या पायाचा अंगठा उद्या काढणार.
माझी फाइल विभागातल्या विद्याने कोड केली. नवखी पोरगी. आर-२० लावलाच नाही. म्हणाली सर, ते नुसतं लक्षण झालं. डायबिटीसने नसा गेल्यात, त्याचा कोड ई-११ मध्ये येतो, तुम्हीच शिकवलंत. चूक काढायला बसलो. सापडली नाही.
भीती वाटतेय. हे सिंधूला सांगणार नाही.
ती पलंगाच्या पायथ्याशी बसलीय. रुसलेली दिसते. शेवटी मीच म्हटलं, डाव्याला बँडेज आहे, कबूल. पण उजवा धड आहे ना? त्याच्यावरून तरी जरा हात फिरव.
ती म्हणाली, मघापासून पांघरुणाखाली तोच चोळतेय.