होडीचं इंजिन लावण्याआधी

दामूभावजी,

आज पुनवेला नारळ वाहून होडी काढताय, बरंच हाय. पण तुमचे दादा गेल्यापासून इंजिन पडूनच हाय. घाईनं दोरी ओढत बसू नका. टाकीतलं शिळं पेट्रोल आधी ओतून टाका. कार्बोरेटरच्या वाटीत पाकासारखा चिकटा बसला असंल, तो ताज्या पेट्रोलात भिजवून काढा. बारीक भोकात तार घालू नका, भोक मोठं होतं. तुमचे दादा ते तोंडानं फुंकायचे. परत आल्यावर पेट्रोल बंद करून इंजिन आपोआप थांबू द्या, मंजे आत काय उरत नाय.

भाकरी झाकून ठेवल्यात. मी घिवलीला आईकडं चालले, रागावून नाय. खाडीत आपलं इंजिन वाजलं की मी त्यांच्यासाठी भात चढवायची. आज वाजलं तर माझे हात थांबायचे नायत.

हिरा